कुंभकोणमला आपण वेळेवर पोचलो

आक्का,

आज सकाळपासून चार वेळा उठून तुमच्या दाराशी जाऊन आले. पहिल्यांदा हातात ताकाचं भांडं होतं. दुसऱ्यांदा काहीच नव्हतं. तुमच्या कुलपाची किल्ली माझ्याच फडताळात आहे, काल निघताना सरसा ती माझ्या हातात देऊन गेली, तरी मी कुलूप हलवून पाहिलं. आमचे हे म्हणाले, जरा एका जागी बस. बसले, आणि पुन्हा उठले. तुम्हांला जाऊन पंधरा दिवस झाले. रडून झालं आहे. पण मला तुमच्याशी बोलायचं आहे, आणि खरं सांगायचं तर भांडायचं आहे. ते भांडण कुंभकोणमचंच, दुसरं कोणतं असणार?

मद्रासेत कपालीश्वराच्या तळ्यामागच्या या घरात विहिरीच्या अलीकडे आम्ही आणि पलीकडे तुम्ही, अशी चौदा वर्षं गेली. मी मिरजेहून लग्न होऊन आले तेव्हा एकवीस वर्षांची होते. ह्यांची रेल्वेच्या कचेरीत नोकरी. दिवसभर घरात एकटी, आणि दारात येणारा प्रत्येक माणूस तमिळ बोलणारा. तिसऱ्या दिवशी फुलवाली टोपली घेऊन ओसरीवर बसली आणि उठेचना. तुम्ही शाळेतून येत होता. पांढरं लुगडं, काखेत वह्यांचा गठ्ठा. तुम्ही मला म्हणालात, "वेण्डाम म्हण." मी म्हटलं, "वेण्डाम." बाई उठून गेली. वेण्डाम म्हणजे नको. तमिळमधला मी शिकलेला पहिला शब्द तो, आणि शिकवला तुम्ही. हे मी मुद्दाम लिहिते आहे, कारण पुढं त्यावरून मी तुमच्याशी खोटं बोलले.

तुमची मराठी ऐकून मला आधी हसू यायचं. तुमचे पूर्वज तंजावरला येऊन कित्येक पिढ्या झालेल्या. तुम्ही 'मला' न म्हणता 'मज' म्हणायचात, आणि वाक्य तमिळ चालीवर वर चढवून सोडून द्यायचात. माझी भाषा तुम्हांला उद्धट वाटायची. मिरजेकडची माणसं बोलतात की दगड फोडतात, असं तुम्ही एकदा ह्यांना विचारलं होतंत.

सरसा तेव्हा सोळा वर्षांची होती. तुमच्या धाकट्या भावाची, वेंकटरावांची, म्हणजे तुमच्या वेंकोबाची मुलगी. वहिनी गेल्यावर नऊ वर्षांच्या त्या पोरीला तुम्ही कुंभकोणमहून मद्रासला आणलंत. तिच्या वेण्या, तिचा गोवर, तिची गणितं, सगळं तुम्ही केलंत. तुम्ही स्वतः चौदाव्या वर्षी विधवा झालेल्या. वडिलांनी हट्टानं शिकवलं म्हणून शिक्षिका झालात. पण हे तुम्ही कधी सांगत बसला नाहीत, मला ते सरसाकडून कळलं. तिचं एकोणिसाव्या वर्षी लग्न ठरलं. तिरुचिरापल्लीचं घर, आपल्यातलंच, मुलगा ओव्हरसियर. लग्न अर्थात वडिलांच्या घरी, कुंभकोणमला. महिनाभर आधी सरसा तिकडे गेली आणि त्या दिवशी तुम्ही विहिरीवर तीनदा अंघोळ केलीत. उकडतंय म्हणालात. दिवस थंडीचे होते.

मग तुम्ही आम्हांला म्हणालात, आपण मोटारीनं जाऊ.

मला नवल वाटलं. मोटारीत तुम्हांला मळमळायचं. वर ह्यांच्यामुळं रेल्वेचा काही प्रश्न नव्हता. पण तुमच्याजवळ कारण तयार होतं. सरसासाठी तुम्ही शिवणाचं यंत्र घेतलं होतं, आणि ते आगगाडीत आपटलं तर? ह्यांनी नुकतीच, परत विलायतेला निघालेल्या एका साहेबाची जुनी काळी गाडी घेतलेली, आणि ती लांब कुठंतरी न्यायला ते निमित्तच शोधत होते. ठरलं. लग्नाच्या आदल्या दिवशी पहाटे निघायचं, संध्याकाळी कुंभकोणमला पोचायचं. दुसऱ्या दिवशी साडेदहाचा मुहूर्त. मागच्या सीटवर एका बाजूला पोत्यात गुंडाळलेलं यंत्र, दुसऱ्या बाजूला तुम्ही, पुढं आम्ही दोघं.

निघायलाच सात वाजले. तुम्हांला वाटलं मागचं दार उघडं राहिलं. तांबरम सोडल्यावर तुम्हांला कॉफी हवी झाली. तुम्ही, ज्या बाहेरचं पाणीसुद्धा पीत नसायच्या! चेंगलपट्टूला तळ्याकाठी गाडी थांबवलीत आणि पाऊण तास पाण्याकडं बघत उभ्या राहिलात. तिंडिवनमला तुम्हांला देवळात जायचं होतं. विळुपुरमला तुमची जुनी विद्यार्थिनी राहत होती, तिच्याकडं दोन मिनिटं डोकावायचं होतं. दोन मिनिटांचं जेवण झालं. जेवण झाल्यावर तुम्हांला घेरी आली. त्या मुलीनं तुम्हांला आत निजवलं, आणि पाच वाजता तुम्ही आतूनच निरोप पाठवलात, आज पुढं जाणं होणार नाही.

मी ओसरीवर येरझाऱ्या घालत होते. ह्यांना म्हटलं, आक्कांना काय झालंय? ते म्हणाले, पोरगी सासरी चाललीय, दुसरं काय. पण मला ते पटेना. जिच्यासाठी जीव टाकला तिच्या लग्नाला जाताना माणूस धावत जाईल. तुम्ही मात्र पावलोपावली मागं ओढत होता. तुमच्या नाडीवर हात ठेवला तर ती माझ्यापेक्षा बरी चालत होती.

दुसऱ्या दिवशी पाचला निघायचं ठरवलेलं. तुमची अंघोळ, तुमची पोथी, तुमचं यंत्र पुन्हा बांधणं. सहा वाजून गेले. पण्रुटी सोडलं, रस्ता जरा बरा लागला, ह्यांनी गाडी हाणली, आणि नऊच्या सुमारास कोळ्ळिडम नदीवरचा अणैकरैचा पूल आला. पुलाखाली बंधाऱ्याच्या दारांतून पाणी पडत होतं. पलीकडं वीस मैलांवर कुंभकोणम. मी म्हटलं, पोचलो बाई वेळेवर. तेव्हा मागून तुमचा आवाज आला. गाडी थांबवा, मज नदीत पाय धुवायचे आहेत.

मी उतरले आणि तुमचं दार उघडून उभी राहिले. काय काय बोलले ते सगळं आठवत नाही. तुम्हांला लग्नाला जायचंच नाही, असं म्हणाले. पोरीचा हेवा वाटतो का, असंही म्हणाले. हे वाक्य मात्र आठवतं, आणि अजून आठवलं की उठून उभं राहावंसं वाटतं.

तुम्ही रागावला नाहीत. गाडीच्या पायरीवर पाय टेकून बसलात आणि पुलाच्या कठड्याकडं बघत सांगितलंत, "वेंकोबानं लिहिलंय, मुहूर्त टळून गेल्यावर ये. सोयरे जुन्या वळणाचे आहेत."

मला आधी कळलंच नाही. मग कळलं. हळदीची बोटं लावलेली पत्रिका तुम्ही आम्हांला वाचून दाखवली होतीत, तिच्यात घातलेली चिठ्ठी दाखवली नव्हतीत. विधवा बाई मुहूर्ताला समोर नको. आगगाडीनं गेलो असतो तर स्टेशनावर घ्यायला माणसं आली असती, सगळ्यांच्या देखत वेळेवर पोचणं झालं असतं, आणि मग तुम्हांला कुणीतरी आत बसवलं असतं. मोटारीनं उशीर झाला तर तो रस्त्याचा. भावाला कुणी बोल लावला नसता, आम्हांलासुद्धा काही कळलं नसतं.

"दहा वर्षं तुम्ही वाढवलंत तिला," मी म्हटलं.

"होय की. म्हणूनच," तुम्ही म्हणालात. "आज तिचं काही वाईट व्हायला नको. झालं तर सगळे मजकडे बघतील."

मी दार लावलं, पुढं येऊन बसले आणि ह्यांना सांगितलं, आता कुठंही थांबायचं नाही. हे एकदा माझ्याकडं आणि एकदा आरशातून तुमच्याकडं बघत राहिले. मी म्हटलं, चला. गाडी निघाली.

आता जे खोटं बोलले ते. परत आल्यावर आपला पहिला मोठा वाद झाला तेव्हा मी म्हटलं होतं, तुम्ही नको म्हणाला नाहीत, म्हणाला असतात तर मी थांबले असते. तुम्ही म्हणालात, म्हणाले होते. मी म्हटलं, मी ऐकलं नाही. आक्का, मी ऐकलं होतं. कुंभकोणमच्या अलीकडं रेल्वेचं फाटक लागलं होतं, गाडी थांबली होती, सगळं शांत होतं, आणि मागून तुम्ही हळूच म्हणालात, "वेण्डाम, विमल." तो शब्द मला सगळ्या मद्रासेत सगळ्यांत आधी कळला होता. मी समोर फाटकाकडं बघत बसले. मनात म्हणत होते, या लोकांची जुनी जोखडं आज मी मोडणार. त्या क्षणी माझ्या डोळ्यांपुढं तुम्ही नव्हता. मिरजेला पत्र लिहून हे सगळं कळवणारी मीच होते.

साडेदहाला पाच कमी असताना आपण दारात उतरलो. केळीचे खांब, आत नागस्वरम वाजत होतं. मी तुमचं मनगट धरलं आणि ओसरी, चौक ओलांडून थेट मांडवात पुढं नेलं. वाजंत्री चालूच होती, माणसं वळून बघायला लागली. नवऱ्या मुलाची आजी चटईवर बसली होती, तिनं तोंड भिंतीकडं केलं. भटजींचा हात थांबला. सरसा खाली मान घालून होती, तिनं वर बघितलं का, मला दिसलं नाही. वेंकटराव धोतर सावरत आले. ओरडले नाहीत. सगळ्यांच्या देखत तुम्हांला हात जोडले आणि म्हणाले, "आक्का, तुला लिहिलं होतं ना ग?"

जे एका चिठ्ठीत झाकलेलं होतं ते आता तीनशे माणसांना कळलं. ते उघडं केलं मी.

तुम्ही तुमचं मनगट सोडवून घेतलंत. भावाला म्हणालात, "चुकलं माझं. घड्याळ पुढं धावलं." आणि मागच्या पडवीकडं चालत गेलात. घाईनं नाही, अगदी शाळेच्या वर्गातून निघाल्यासारख्या. मी तिथंच उभी राहिले. मग कुणीतरी मला बसायला सांगितलं आणि मी बसले, हेही लिहायला हवं. अक्षता टाकल्या. जेवले. तुम्ही मागं बायकांबरोबर पानांच्या शिरा काढत बसला होता. मी आले तर म्हणालात, विडे मोजू नकोस, चुकतील माझे.

परतीच्या वाटेवर विळुपुरमला तुम्ही एकच वाक्य बोललात. ते पुढं मी शंभरदा ऐकलं. "तू ते मजसाठी केलं नाहीस."

मी म्हणायचे, कुणीतरी करायलाच हवं होतं. तुम्ही म्हणायच्या, मग स्वतःच्या मनगटाला धरून करायचं. मी म्हणायचे, तुम्ही भित्र्या आहात. तुम्ही म्हणायच्या, भीती मज सरसासाठी होती, तुज कुणासाठी होती? विहिरीवर, कपडे वाळत घालताना, एकदा तर ह्यांना ताप असताना त्यांच्या उशाशी. दोन-दोन दिवस आपण बोलायचो नाही. तिसऱ्या दिवशी तुमच्याकडून पिठल्याची वाटी यायची आणि वाटी परत करताना पुन्हा सुरू व्हायचं.

मग सरसाचं येणं बंद झालं. दोन वर्षं सासरच्यांनी तिला मद्रासला पाठवलं नाही. पत्रं आली ती चार ओळींची. तुम्ही ती पत्रं माझ्यापुढं ठेवायच्या. एकदाच म्हणालात, "त्या दिवसाचं ती भोगते आहे."  मी उलट उत्तर दिलं. म्हटलं, असल्या घरात दिलीत हीच चूक. आणि वर जाऊन रडले.

लग्नानंतर चार वर्षांनी सरसाला मुलगी झाली. बारशाला तुम्ही एकट्या आगगाडीनं तिरुचिरापल्लीला गेलात. मी येते म्हटलं तर तुम्ही नको म्हणालात, या वेळी चांगलं मोठ्यानं, आणि मराठीत. चार दिवसांनी परतलात. मी विचारलं, कसं झालं? मूल सावळं आहे, बोटं लांब आहेत, एवढंच सांगितलंत आणि अंघोळीला गेलात. मी समजून गेले, पुन्हा आतच बसवलं असणार. त्यानंतर मी तो विषय जरा कमी काढायला लागले. तुम्हीच काढायच्या. मी काही बोलले नाही तर तुम्ही डिवचायच्या.

आता मी तुमच्यापासून काय लपवलं ते सांगते. तीन वर्षांपूर्वी मी माझ्या भाच्याच्या मुंजीला मिरजेला गेले होते. माझे वडील जाऊन तेव्हा वर्ष झालेलं. मातृभोजनाच्या वेळी पाहिलं तर आई माजघराच्या दाराआड उभी. तिला आत राहा असं कुणी सांगितलं नव्हतं. भाऊ तर दोनदा बोलवायला गेलेला. मी उठले, तिचं मनगट धरायला हात पुढं केला. आई म्हणाली, "ऱ्हाऊ दे बाळ. इथनं मला सगळं दिसतंय, आणि माझ्याकडं कुणी बघंना. तेवढं तरी मला असू दे."

माझा हात तसाच राहिला. मला अणैकरैचा पूल आठवला, तिथलं पाणी ऐकू आलं. मी आईशेजारी दाराआड जाऊन उभी राहिले आणि तिथूनच मुंज बघितली. त्या दिवशी मला तुमचं पटलं, आक्का. पुरतं पटलं. मद्रासला गाडीतून उतरताना ठरवलं होतं, आधी तुमच्याकडं जायचं आणि सांगायचं, चुकलं माझं. तुम्ही दारात उभ्या होतात. बॅग खाली ठेवायच्या आत म्हणालात, "काय, मिरजेस कुणाला ओढलंस का?" मला असा राग आला की मी म्हटलं, ओढलं, आणि पुन्हा ओढेन. झालं. पुढची तीन वर्षं मी जे मला पटत नव्हतं ते तुमच्यापुढं मांडत राहिले.

शेवटच्या आठवड्यातसुद्धा संधी होती. तुम्ही उशीवर टेकून बसला होतात, श्वास लागत होता. दुपारी आपण दोघीच. मी तोंड उघडलं आणि विचारलं काय, तर कांजी आणू का. तुम्ही म्हणालात, पोदुम. पुरे.

काल सरसा निघायच्या आधी तुमची कपाटं आवरत होतो. तिची मुलगी विहिरीशी खेळत होती. मी सरसाची क्षमा मागितली. म्हटलं, त्या दिवशी मी जे केलं त्यानं तुला फार सोसावं लागलं. ती घडी घालायची थांबली. म्हणाली, त्या दिवसाचं काय सोसायचं? सासूबाईंचा राग मी नोकरी करायची म्हणत होते त्याचा होता, मांडवाबद्दल त्या कधी बोलल्याच नाहीत. आत्याला मी सांगितलं होतं हे. बारशाच्या वेळी.

मग तिनं मला बारसं सांगितलं.

पाळण्याची तयारी झाल्यावर तिच्या सासूच्या बहिणीनं तुम्हांला हळूच सुचवलं, मूल पाळण्यात घालेपर्यंत आत बसा. तुम्ही हललाच नाहीत. म्हणालात, "मी एकदा आत जाऊन बसले आहे. पुन्हा बसणार नाही." आणि मूल उचलून घेऊन स्वतः पाळण्यात घातलंत. सासूबाई पाळण्याच्या डोक्याशी बसल्या होत्या.  मग त्या जरा सरकल्या आणि तुम्हांला जागा करून दिली. दोन दिवस धुसफुसत होत्या, तिसऱ्या दिवशी तुमच्याकडून डांगराची रीत लिहून घेतली.

स्टेशनावर पोचवताना सरसानं तुम्हांला विचारलं होतं, मग माझ्या लग्नात का आत गेलीस? तुम्ही तिला म्हणालात, "तेव्हा विमल ओढत होती. मज माझ्या पायांनी जायचं होतं. तिनं ओढलं नसतं तर मज हे कळलंही नसतं." आणि गाडी सुटताना खिडकीतून बजावलंत, "हे तिला सांगू नकोस. फार फुगेल."

सरसानं सात वर्षं सांगितलं नाही. तुमची भाची शोभते.

मला आधी हसू आलं, सरसासुद्धा हसली. ती गेल्यावर मात्र मी जी चिडले ती अजून चिडलेलीच आहे. एवढा मान मला दिलात आणि तो माझ्यापासूनच लपवलात? मूल सावळं आहे म्हणालात! विहिरीच्या पलीकडं उभ्या राहून सात वर्षं तुम्ही भित्र्या बाईचं सोंग घेऊन माझ्याशी वाद घातलात, आणि त्यातली तीन वर्षं मी अलीकडून शूर बाईचं. तुम्ही मला सांगितलं असतंत तर मीही सांगितलं असतं. की नसतं? मला ठाऊक नाही. तुम्ही दारात तसंच काहीतरी बोलला असतात आणि मी तसंच काहीतरी उत्तर दिलं असतं.

पण फाटकाशी मी ऐकलं होतं, हे तरी मी तुम्हांला सांगायला हवं होतं. ते सांगितलं नाही याला काही निमित्त नाही.

हे लिहिताना मी दोनदा उठले. ह्यांनी विचारलं, कुणाशी बोलतेस? मी म्हटलं, आक्कांशी. ते म्हणाले, अजून तेच? हो, तेच. सकाळपासून तुमची बाजू मांडते आहे, आक्का, फार चांगली मांडते आहे, आणि माझ्या बाजूनं बोलायला तुम्ही नाही.